इरावतीबाई कर्वे : बर्लिनमधील एक परीक्षा

‘युगान्त’ हे नाव ज्याच्या कानी पडलेले नाही असा मराठी वाचक विरळाच. महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, आमच्या भिलाईसारख्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या कपाटांतूनही हे पुस्तक दिसते. महाभारतातील थोरामोठ्यांकडे देव म्हणून नव्हे तर माणूस म्हणून पाहावयास शिकविणाऱ्या या पुस्तकाच्या लेखिका श्रीमती इरावती कर्वे यांना आपण साहित्यिक म्हणून ओळखतो. मानवशास्त्रातील मोठ्या विदुषी म्हणूनही त्यांचे नाव आदराने घेतो. परंतु तरुण वयात त्या बर्लिनमधील ज्या संस्थेत शिकत होत्या, त्या संस्थेने पुढे केवढे पाप आपल्या माथी घेतले, आणि तेथे असताना इरावतीबाईंनी स्वतःच्या गुरूच्या सिद्धांताविरुद्ध निष्कर्ष कसा मांडला, ही हकिकत पुष्कळांना ठाऊक नाही.

इरावतीबाई ख्रिस्ती नव्हत्या. तसा दावा कोणी करू नये. तरीही त्यांच्या आयुष्यातील हा प्रसंग ख्रिस्ती वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. कारण पुण्याहून गेलेल्या एका हिंदू तरुणीला जे पटले नाही, ते पुढील दहा-बारा वर्षांत ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या राष्ट्रांनी कायद्याच्या पुस्तकात लिहून घेतले.

बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत अभियंता होते. ब्रह्मदेशाच्या जीवनदायिनी इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. वयाच्या सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि तिच्यामुळे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरात इरावतीला दुसरे घर लाभले. परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. विवेकवादी विचारांच्या त्या घरात प्रश्न विचारणे हा उद्धटपणा मानला जात नसे.

तत्त्वज्ञान घेऊन १९२६ मध्ये त्या बी. ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास सुरू झाला, आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंधास एम. ए. ची पदवी मिळाली. विवाह झाला तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकरराव यांच्याशी. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक. स्वतः जर्मनीत शिकून आलेले. पत्नीने परदेशी जाऊन संशोधन करावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती.

आश्चर्य वाटेल, परंतु विधवांच्या व स्त्रियांच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या महर्षींना सुनेचे परदेशगमन रुचले नव्हते. थोर माणसांच्या उदारतेलाही कोठेतरी कुंपण असते, हे आपण आपल्या मंडळ्यांतही पाहतोच. अखेर जीवराज मेहता यांनी पैशाची उसनवारी केली आणि इरावतीबाई एकट्या जर्मनीस निघाल्या.

डालेमची संस्था

बर्लिनच्या डालेम या शांत उपनगरात १९२७ मध्ये एक नवी संस्था उघडली होती : मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था. तिचे संचालक होते प्राध्यापक ऑयगेन फिशर. इरावतीबाईंचे मार्गदर्शक तेच.

सुप्रजाशास्त्र हा शब्द आज आपल्याला परका वाटतो; त्या काळी तो सुधारणेचा शब्द होता. इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये या विद्येचे नामकरण केले. शेतकरी जसे चांगले बी राखून ठेवतो व हिणकस टाकून देतो, तसे मनुष्यजातीचेही करावे, असा तिचा थोडक्यात मथितार्थ. ज्यांना समाज हलके समजतो त्यांना मुले होऊ न देण्याचा पहिला कायदा जर्मनीत नव्हे, तर १९०७ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यात झाला. आपला महाराष्ट्रही या वाऱ्यापासून अलिप्त नव्हता. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी भारतात सुप्रजाशास्त्राची चळवळ व्हावी म्हणून १९२७ मध्ये इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला. हे सारे लोक दुष्ट होते असे नाही. आपण समाजाचे भले करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि म्हणूनच ही विद्या अधिक घातक ठरली.

फिशर यांचे नाव झाले ते आफ्रिकेतील कामामुळे. जर्मन नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचे नामिबिया, येथे १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो व नामा लोकांचा संहार केला. त्याच १९०८ साली फिशर तेथील रेहोबोथ गावी गेले आणि बोअर पुरुष व आफ्रिकी स्त्रिया यांच्या संततीची त्यांनी मोजमापे घेतली. १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ काढून मिश्रविवाह युरोपीय संस्कृतीला घातक आहेत असे मत त्यांनी मांडले. पुढे आणखी दोघा शास्त्रज्ञांसह आनुवंशिकतेवर लिहिलेला त्यांचा ग्रंथ हिटलरने तुरुंगात असताना वाचला.

ख्रिस्ती वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या संस्थेच्या सुप्रजाशास्त्र विभागाचे प्रमुख हेर्मान मुकरमान हे कॅथलिक धर्मगुरू होते. ते पूर्वी येशूसंघात होते, आणि कुटुंबजीवन व सुप्रजाशास्त्र यांवर जर्मनीभर व्याख्याने देत. म्हणजे या घरात धर्माला बंदी नव्हती. धर्माला तेथे एक खोली दिलेली होती.

कवट्या काय सांगतात

इरावतीबाईंना विषय मिळाला तो मानवी कवटीच्या असमानतेचा. कोणत्याही माणसाच्या कवटीची उजवी बाजू व डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांचा तर्क असा की, गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीत ही असमानता अधिक असली पाहिजे, कारण त्यांच्या मेंदूचा पुढील भाग एका बाजूस अधिक वाढलेला असतो. त्यांची तर्कबुद्धी श्रेष्ठ असण्याचे कारण तेच. इतर वंशांच्या कवट्या मोजून हा फरक दाखविला की श्रेष्ठत्व हाडांनिशी सिद्ध झाले.

विद्यार्थिनीने सुमारे १५० कवट्या हाताळल्या. काही युरोपीय लोकांच्या, काही जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्या. त्या कोणाच्या होत्या, कशा मेल्या, त्यांच्या आप्तांना विचारून त्या आणल्या होत्या काय, हे प्रश्न त्या काळी प्रयोगशाळेत कोणी विचारीत नसे. इरावतीबाईंनी निरनिराळ्या ठिकाणी अंतरे मोजली, उजव्या-डाव्या बाजूंची तुलना केली, कोष्टके तयार केली. निष्कर्ष निघाला तो असा : असमानता सर्वच कवट्यांत आहे, परंतु तिचा वंशाशी संबंध दिसत नाही.

ही साधी ओळ लिहिणे किती कठीण होते याची आपण कल्पना करावी. वय चोविशी-पंचविशीचे. परका देश, परकी भाषा, उसनवारीचा पैसा. घरी वडीलधाऱ्यांची नाराजी पत्करून आलेली. पदवी देणे ज्यांच्या हाती, त्यांच्याच सिद्धांताला हा निष्कर्ष छेद देणारा. आकड्यांना थोडे इकडेतिकडे करणे, किंवा पुरावा अपुरा आहे असे म्हणून विषय गुळमुळीत सोडून देणे, हा मार्ग मोकळा होता. गुरूला हवे ते लिहून पदवी घेणारे शिष्य तेव्हाही होते आणि आजही आहेत. इरावतीबाईंनी कवट्या जे सांगत होत्या तेच लिहिले. त्यांच्या चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे गुण देताना परीक्षकांनी हात आखडता घेतला. तथापि १९३० मध्ये त्यांचा अभ्यास पुरा झाला, पुढील वर्षी प्रबंध छापला गेला आणि डॉ. इरावती कर्वे मायदेशी परतल्या.

त्यांनी फिशर यांच्याविरुद्ध बंड पुकारले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी भाषण केले नाही, पत्रक काढले नाही. दिलेले काम प्रामाणिकपणे केले आणि उत्तर बदलले नाही, एवढेच. परंतु असत्याच्या इमारतीत सरळ ओळंबा धरणारा एक गवंडीही पुष्कळ काही उघड करतो.

त्या परतल्यानंतर

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुकरमान यांना मात्र संस्थेतून दूर केले गेले. १४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या मंत्रिमंडळाने दोन गोष्टी एकाच दिवशी संमत केल्या : व्हॅटिकनशी करावयाचा करार, आणि आनुवंशिक रोग असणाऱ्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा. करारावर सह्या होईपर्यंत कायद्याची प्रसिद्धी थांबवून ठेवण्यात आली. या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९३७ मध्ये ऱ्हाईनलँडमधील आफ्रिकी वंशाच्या मुलांची नसबंदी कायद्याचा आधारही न घेता झाली, आणि त्यांची तपासणी करून अभिप्राय देणाऱ्यांत फिशर व त्यांचे सहकारी होते. १९४२ मध्ये फिशर निवृत्त झाले, तेव्हा ओटमार फॉन फर्शुअर संचालक झाले. त्यांचा शिष्य योझेफ मेंगेले आउश्वित्झच्या छळछावणीतून बळींच्या शरीराचे भाग याच संस्थेकडे पाठवीत असे.

ख्रिस्तसभेने काय केले? पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या विश्वपत्रात सुप्रजाशास्त्रासाठी केल्या जाणाऱ्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला होता. सरकारने मनोरुग्ण व अपंग यांना गुप्तपणे ठार मारण्यास सुरुवात केली, आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७० हजार माणसे मारली गेली. तेव्हा म्यून्स्टरचे बिशप गालेन यांनी व्यासपीठावरून उघड आवाज उठविला. हे साक्षीदार होते, याबद्दल आपण देवाचे आभार मानू या.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च १९३९ मध्ये स्वतंत्र झालेल्या स्लोव्हाकियाचे अध्यक्ष योझेफ टिसो हे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि ते राज्य आपणास ख्रिस्ती राज्य म्हणवीत असे. सप्टेंबर १९४१ मध्ये तेथे ज्यूंविषयीची संहिता लागू झाली. माणूस ज्यू आहे की नाही हे त्याच्या श्रद्धेवरून नव्हे, तर आजी-आजोबांच्या रक्तावरून ठरवावयाचे, असे तिचे तत्त्व. म्हणजे ज्याने बाप्तिस्मा घेतला होता, प्रभुभोजनाच्या मेजाशी जो आपल्याबरोबर बसत होता, त्याचा बाप्तिस्माही रक्तापुढे निकामी ठरला. १९४२ च्या मार्च ते ऑक्टोबर या काळात सुमारे ५८ हजार ज्यू हद्दपार केले गेले, आणि माणशी ५०० मार्क स्लोव्हाक सरकारने जर्मनीला दिले. व्हॅटिकनच्या प्रतिनिधीने निषेध नोंदविला. तरी टिसो अध्यक्षपदी राहिले. युद्धानंतर, १९४७ मध्ये त्यांना फाशी झाली. क्रोएशियातही कॅथलिक म्हणविणाऱ्या राजवटीने ३० एप्रिल १९४१ रोजी आर्य रक्ताचा कायदा केला, आणि यासेनोवाच्च्या छावणीत सर्ब, ज्यू व रोमा मारले गेले. प्रॉटेस्टंट वाचकांनी येथे समाधान मानू नये. जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही आर्य रक्ताची अट मान्य करणारा मोठा पक्ष उभा राहिला होता.

बायबलच्या भाषांतराचे काम करताना ‘वंश’ हा शब्द नित्य हाताखालून जातो. अब्राहामाचा वंश, दाविदाचा वंश. तेथे त्याचा अर्थ संतती, कुळाचा विस्तार, देवाच्या वचनाचे पुढे चालत आलेले धन. उंच-नीच मोजण्याचा अर्थ त्याला अलीकडच्या काळात चिकटला. प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे उभा राहतो तेव्हा सर्व राष्ट्रे एकापासूनच निर्माण झाली असे तो सांगतो. आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाचे प्रतिरूप कोणत्या एका रंगाला वा कवटीच्या आकाराला दिलेले नाही. टिसो यांच्या हातातही हेच पवित्र शास्त्र होते.

पुण्यातील कार्य आणि एक सावली

भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे मुंबईस महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले, आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात समाजशास्त्र व मानवशास्त्र विभागाची धुरा वाहिली. त्या काळी पुण्यात स्कूटर चालविणारी स्त्री म्हणून त्यांच्याकडे लोक वळून पाहत. गुजरातेतील लांघणज येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत त्यांनी अश्मयुगीन मानवाच्या सांगाड्यांचे काम केले. भारतातील नातेसंबंधांची रचना सांगणारा १९५३ चा ग्रंथ, हिंदू समाजावरील १९६१ चा ग्रंथ, ‘परिपूर्ती’ व ‘भोवरा’ हे ललित लेखसंग्रह, आणि १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणारे ‘युगान्त’ ही त्यांची ठळक कामगिरी. कोयना धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी करून त्यांनी १९६९ मध्ये अहवाल सिद्ध केला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

चरित्र लिहिताना सावली झाकू नये. बर्लिनमध्ये हाती घेतलेली मोजपट्टी इरावतीबाईंनी खाली ठेवली नाही. महाराष्ट्राच्या गावोगाव हिंडून त्यांनी निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची डोकी, नाके, उंची मोजली, रक्ताचे नमुने घेतले. जर्मनीत शिकलेली वंशशास्त्राची चौकट त्यांनी अशा रीतीने भारतात आणली आणि जातींवर बसविली, अशी टीका अलीकडच्या अभ्यासकांनी केली आहे. ती निराधार नाही. मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. त्यांच्या मोजमापातून निघाले ते हे की, एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राह्मण पोटजातीही शरीररचनेने एकमेकींहून भिन्न आहेत. एकच मूळ जात होती व तिचे तुकडे पडले, ही समजूत त्यांनी नाकारली. निरनिराळे समूह शेजारी शेजारी नांदत आले असे त्यांचे मत. त्यांनी माणसांचे गट पाडले, परंतु त्या गटांची उतरंड रचली नाही.

पंढरीच्या वारीवरील त्यांचा लेख ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल. एका विठ्ठलाकडे निघालेल्या एकाच दिंडीत स्वयंपाक व पंगती जातवार वेगळ्या होतात, हे पाहून त्यांचे मन व्यथित झाले. मोजपट्टी बाळगणारी हीच बाई मैलोगणती त्या लोकांबरोबर चालली होती. आमच्या मंडळ्यांतही मेज एक आणि सोयरीक जातवार असे घडत नाही काय? कोणत्या मिशनचे, मूळचे कोठले, ही चौकशी आपण श्रद्धेची म्हणून करतो की रक्ताची?

आपल्यापुढील परीक्षा

आनुवंशिकतेचे ज्ञान वाईट नव्हे. आम्हां छत्तीसगडच्या लोकांना ते जवळचे आहे, कारण येथील अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे. विवाहापूर्वी वधूवरांनी रक्त तपासून घ्यावे हा सल्ला शहाणपणाचा आहे. परंतु त्याच तपासणीचे कार्ड एखाद्या मुलीच्या गळ्यातील पाटी होऊ शकते. अमुक जातीत हा रोग, तेव्हा ती जातच सदोष, असे बोलणे आपल्या वसाहतीतल्या बैठकीत कानी पडते. आजारी माणसाला औषध देण्यासाठी केलेली मोजणी आणि माणसाला हलके ठरविण्यासाठी केलेली मोजणी यांत वरवर पाहता फरक दिसत नाही. तो फरक मोजणाऱ्याच्या अंतःकरणात असतो.

डालेमच्या त्या जुन्या इमारतीच्या परिसरात २०१४ पासून खोदकामात मानवी हाडे सापडू लागली. सुमारे १६ हजार तुकडे. वसाहतींतून आणलेल्या आणि नाझी काळातील बळींच्या, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांचे अवशेष त्यांत असावेत असे संशोधक मानतात. ती कोणाची, कोणत्या वंशाची, हे आणखी चाचण्या करून शोधावयाचे नाही, असा विचारपूर्वक निर्णय झाला. पुन्हा त्यांची वर्गवारी करणे हा पुन्हा तोच अपमान ठरला असता. मार्च २०२३ मध्ये ती सारी हाडे बर्लिनच्या दफनभूमीत एकत्र, सन्मानाने मातीच्या स्वाधीन करण्यात आली.

मापे घेणारी संस्था गेली. ज्यांची मापे घेतली त्यांना अखेर केवळ माणूस म्हणून निरोप मिळाला. इरावतीबाईंनी सुमारे नव्वद वर्षांपूर्वी जवळपास हेच आपल्या कोष्टकांतून दाखविले होते. आपल्यापुढे कवट्या येणार नाहीत. सोयरीक येईल, मंडळीतील निवडणूक येईल, शेजारी राहावयास आलेले कुटुंब येईल. तेव्हा वडीलधाऱ्यांना हवे ते उत्तर द्यावयाचे की खरे उत्तर, हा प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागेल. त्या घटकेस खरे बोलण्याचे धैर्य प्रभू आपणास देवो.